नैवेद्याच्या भरतातली पावडर

नाशिकरोड,
२ डिसेंबर १९९९

ती. तानुबाई वन्सं यांना मोहिनीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी बदलली, आता सकाळी सहालाच घर सोडतात. सायलीची सहामाही झाली, गणितात या खेपेला बरे मार्क पडलेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? लासलगावची थंडी इथल्यापेक्षा वाईट, पायात मोजे घालत जा.

झालं, रीतीचं लिहून झालं. आता मुद्द्याचं लिहिते.

परवा शेखर तुमचा निरोप घेऊन आला. चहासुद्धा उभ्यानंच घेतला बिचाऱ्यानं. म्हणाला, "मामी, आई म्हणते, देवापुढे शपथ घे, ती पावडर पुन्हा घरात आणणार नाही म्हणून. नाहीतर देवाचे टाक धाकट्या मामाकडे देवळालीला जातील आणि यंदा चंपाषष्ठीचा नैवेद्य स्नेहलमामी करेल."

मी शपथ घेणार नाही, वन्सं. आधी हे वाचून घ्या, मग पत्र चुलीत घालायचं तर खुशाल घाला.

गेल्या चंपाषष्ठीला तुम्ही कोथिंबीर शोधायला स्वयंपाकघरात शिरलात आणि तांदळाच्या डब्यामागची, चायनीजमध्ये घालतात त्या पांढऱ्या पावडरीची पुडी तुमच्या हाती लागली. पुडी घेऊन तुम्ही पंगतीत आलात आणि म्हणालात, "देवाच्या भरतात विष कालवलंय हिनं!" रोडगा तसाच टाकून ताटावरून उठलात. शेखरचं डोकं जड झालं होतं, त्याचंही खापर माझ्यावर फुटलं. त्याला वर्ष होत आलं. वर्षभरात ना फोन ना चार ओळी.

विष म्हणे! अहो, त्याच वर्षी गौरीला माझ्या हातची आमटी तुम्ही तीनदा वाढून घेतलीत. दसऱ्याला वांग्याचा रस्सा डब्यात भरून लासलगावला नेलात. "मोहिनी, तुझ्या हाताला अलीकडे काय चव आलीय गं!" हे तुमचेच शब्द. त्या आमटीतही हीच पावडर होती आणि रश्श्यातही. तेव्हा नाही कुणाचं डोकं जड झालं!

मी काही डोळे मिटून बसले नाही. पुडी घेऊन सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले, म्हटलं खरं काय ते सांगा, मला बारा जणांचे डबे द्यायचे असतात. त्या म्हणाल्या, तसलाच पदार्थ टोमॅटोतही असतो, चिमूटभरानं बहुतेकांना काही होत नाही. जास्त झालं तर काहींचं डोकं जड होतं, पण थोड्या वेळात उतरतं. मिठासारखंच यातही सोडियम असतं, तेव्हा पावडर टाकलीत की मीठ हात राखून टाका आणि ब्लडप्रेशरवाल्यांना जपा. हिचं विष होतं असं काही त्या बोलल्या नाहीत.

पण एक म्हणाल्या. "खाणाऱ्याला सांगता का?"

नव्हते सांगत. आता सांगते. एकलहऱ्याला डबे जातात तेव्हा प्रत्येकाला तोंडानं सांगून ठेवलंय की रश्श्यात ही पावडर असते, नको असेल त्यानं बोलावं. दोघे नको म्हणाले, त्यांचं वेगळं करते. बाकीचे दहा अजून जेवतात. एकानंही डबा बंद केला नाही.

तेव्हा लपवली हे माझं चुकलं, ते कबूल. टाकली म्हणून मान खाली घालणार नाही.

आता ती मुळात आणलीच कशाला, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. कुणीच विचारलं नाही. ह्यांनीसुद्धा.

गेल्या साली पावसाळ्यात मला ताप आला होता, आठवतंय? पंधरा दिवस अंथरुणात होते. ताप गेला, पण माझं नाक परत आलं नाही. वास येत नाही, वन्सं. कशाचाच नाही. एकदा दूध करपून काळं झालं, शेजारच्या वत्सलाबाई धावत आल्या तेव्हा मला कळलं. मी त्याच खोलीत भाकरी थापत होते! जिभेला खारट-तिखट तेवढं कळतं, तेही अर्धवट. कोथिंबीर खाल्ली काय आणि गवत खाल्लं काय, मला सारखंच.

कुणाला सांगणार? नाक गेलेल्या बाईचा डबा कोण घेईल? मग मसाला चमच्यानं मोजून टाकायला लागले. तरी भीती जाईना. बिटको चौकातला चायनीजच्या गाडीवरचा माणूस म्हणाला, "चिमूटभर टाका बाई, चव कुठे जात नाही." घेतली.

डब्याचा रस्सा निदान जिभेवर ठेवून तरी बघता येतो. नैवेद्य चाखायचा नसतो. सासूबाई गेल्यावर तुम्हीच मला ओट्याशी उभं केलंत आणि शिकवलंत, "वाफेवर नाक धर, मीठ पडलं की वास बदलतो." वीस वर्षं त्या वासावर देवाचं ताट केलं मी, एकदाही अळणी झालं नाही. गेल्या वर्षी भरताच्या पातेल्यावर वाकले, तर नुसता गरम वारा. मीठ टाकलं की नाही, काही केल्या आठवेना. चाखायची सोय नाही. घाबरून पुन्हा टाकलं, वर पावडर टाकली, मग तीही टाकली की नाही म्हणून पुन्हा टाकली. मला चाखताना कधी कुणी बघितलंच नव्हतं, त्यामुळे नाक गेल्याची कुणाला शंकाही आली नाही. शेखरच्या डोक्याला ते बाधलं असेल तर त्याची माफी मी समोरासमोर मागेन. देवाची मागून झाली.

तुम्ही पुडी नाचवत होतात तेव्हा हे सगळं ओठांवर आलं होतं. पण एवढ्या माणसांसमोर माझं नाक गेलंय म्हणून रडायचं? नाही रडले. पुढेही रडणार नाही.

चंपाषष्ठीला दहा-बारा दिवस आहेत. टाक न्यायचे असतील तर शेखरला पाठवू नका, स्वतः या. मी वांगी भाजत असेन. पातेलं उतरवायच्या आधी तुम्ही वाफेवर नाक धरा आणि मीठ पडलं की नाही ते मला सांगा. त्या भरतात पावडर पडणार नाही. शपथेला घाबरून नाही, तुम्ही शेजारी असलात तर मला ती लागणार नाही, म्हणून. एवढं करूनही टाक उचलावेसे वाटले तर उचला, मी आड येणार नाही.

हे मी ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगितलं.

तुम्हीच ओट्याशी उभी केलेली,
आणि अजून तिथून न हललेली,
मोहिनी