सूनबाई गोड बोलू लागली

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची मुलाकडे. मुलीकडे नातवंडांनी कान किटवले होते, इथे ती भानगड नाही. घर चांगलं आहे. मुलाच्या मानानं फारच चांगलं, म्हणजे निवड सुनेची असणार. तिसरा मजला, लिफ्ट आहे. माझ्या खोलीत ऊन येतं आणि समोरची बाई काय काय वाळत घालते ते सगळं दिसतं. करमणुकीची सोय झाली. सामान आणताना माझी बशी फुटली ती मुलानं कपाटामागे दडवली होती. मला लगेच सापडली. त्याला लपवणंसुद्धा धड जमत नाही, बापावर गेलाय.

सून दारातच म्हणाली, आलात का, चपला बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीय. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईच्या जिभेची धार काही जात नाही. माझीही जात नाही. त्यामुळे आमचं बरं चालतं.

रोज थोडं लिहायचं ठरवलंय. या घरात माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारं कोणी नाही. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका असतील. वाचणाऱ्यानं नाक मुरडू नये. वाचायला कोणी बोलावलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

सुनेचं काम पाहिलं. कानाला ते वाट्यांसारखं लावून कॉम्प्युटरपुढे बसते आणि कपडे धुण्याच्या मशीनवरून लोकांच्या शिव्या खाते. त्यांना म्हणते, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व, आपली परवानगी असेल तर तपासून पाहते. नुसतं लोणी. कानातलं काढलं की मला, ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला. सगळी साखर गिऱ्हाइकांना, आमच्या वाट्याला तळाचा गाळ.

मुलानं त्याचा जुना फोन मला दिलाय. फार चौकस आहे. फोटो पाहू का, आवाज ऐकू का, कुठे आहात ते सांगू का. चष्मा कोण शोधत बसणार, मी सगळ्याला हो दाबते. नाही म्हटलं तर परत विचारतो, स्थळ आणणाऱ्या बाईसारखा. आज गुडघेदुखीवरचा उपाय म्हणून कोणीतरी काहीतरी पाठवलं, तेही दाबलं. उपाय नाहीच. पडद्यावर एक पांढरा गोल तेवढा येऊन बसला.

७ फेब्रुवारी

खाली रस्ता खणणाऱ्यांनी नेटची वायर तोडली. सुनेचं काम सुरू व्हायची वेळ, तिच्या फोनचा डेटा संपलेला, नवरा कामावर. मग सासूची आठवण झाली. माझ्या फोनवरून तिच्या कॉम्प्युटरला नेट दिलं, हॉटस्पॉट म्हणतात त्याला. दिवसभर मी जरा उठले की ओरडायची, फोन घेऊन हलू नका. खुंटाला बांधल्यासारखी बसले.

दुपारी तिच्या पडद्यावर तोच पांढरा गोल आला. काहीतरी विचारत होता. कानात गिऱ्हाईक बोंबलत होतं, तिनं न वाचता हो दाबलं. मला नावं ठेवते आणि स्वतःची ही तऱ्हा.

९ फेब्रुवारी

कॉम्प्युटर आपल्या मनानं टाइप करायला लागला म्हणून दुरुस्तीवाला बोलावला. दाढीवाला, दीडशहाणा. बुटांसकट आत शिरला, सुनेनं बाहेर काढून परत आणला. तिचं म्हणणं, आईंच्या फोनातली कीड माझ्या कॉम्प्युटरला लागली. तो हसला. नेट वाटून घेतलं म्हणून व्हायरस आपोआप उडी मारत नाही, म्हणे. नेट हा नुसता रस्ता. पण फोन बाधलेला असेल तर त्या रस्त्यानं येऊन तो कॉम्प्युटरचं दार वाजवू शकतो. दार जुनं, खिळखिळं असेल किंवा आतून कोणी हो म्हटलं, तर येतो आत. कोणी हो म्हटलं का, आजी?

मी आणि सून दोघी भिंतीकडे बघत राहिलो. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

त्यानं फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही पुसून कोरे केले. तो निघताना पडद्यावर गोल तसाच होता. दाखवला तर म्हणाला, कुठे काय आहे. एवढ्याशा वयात डोळे गेलेले.

११ फेब्रुवारी

जेवताना सून म्हणाली, आपली परवानगी असेल तर वाढू का. कानाला काही लावलेलं नव्हतं. मला वाटलं टोमणा. बरा होता टोमणा. मी म्हटलं, वाढा बाईसाहेब. ती हसली. सगळे दात दिसेपर्यंत हसली आणि चेहरा तसाच राहिला.

१२ फेब्रुवारी

मुद्दाम ओला टॉवेल तिच्या उशीवर टाकला. उचलला, काही बोलली नाही. चपला घालून ओल्या फरशीवरून फिरले. म्हणाली, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व.

मुलाला सांगितलं, तुझी बायको बिघडलीय. तो म्हणाला, ती गोड बोलते तेही तुला खुपतं का, आई. ठोंब्या. घरात शांतता आहे यातच खूश.

१४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर बंद होता. वायर काढलेली, मी हातानं चाचपली. ती समोर बसून काळ्या पडद्याशी ओठ हलवत होती. बुबुळात पांढरा गोल. खिडकीचं प्रतिबिंब म्हणावं तर खिडकी तिच्या पाठीमागे.

मनगट धरून गदागदा हलवलं. खूप खालून, तिच्या खऱ्या आवाजात आलं — टॉवेल कोणी —

एवढंच. मग परत गोड.

ती आत आहे. बुडलेली आहे, पण आहे.

१५ फेब्रुवारी

फोन बादलीत बुडवला. पाण्यातून गोल दिसतोच.

सकाळी मुलगा म्हणाला, आपली परवानगी असेल तर कामावर जाऊ का. म्हणजे तिनं त्याला विचारलं असणार, त्यानं न ऐकता हो म्हटलं असणार. जन्मभर तेच केलं त्यानं.

आता दोघं मिळून मला विचारतात. बसू का. येऊ का. मी कशालाच हो म्हणत नाही. चहालासुद्धा.

१६ फेब्रुवारी

आज टॉवेलसुद्धा निघाला नाही तिच्या तोंडून. किती हलवलं —

शेवटी मीच त्या गोलाशी सौदा केला. तिला सोड. आणि तोही दे सोबत, ती त्याच्याशिवाय भांडणार कोणाशी. बदल्यात मी. गुडघे कामातून गेलेत, आधीच सांगते.

माया वगैरे नाही. या गोडव्यात मला घास उतरत नाही, एवढंच.

फोन बादलीतून काढला. चष्मा लावला. गोल काय विचारतोय ते अक्षर अक्षर जुळवून सगळं वाचलं. पहिल्यांदाच वाचून हो दाबते आहे —

१७ फेब्रुवारी

सुनेचा आवाज. केवढा मोठा. फोन ओलाचिंब कोणी केला, पाणी कोण पुसणार, वयाबरोबर अक्कल पण गेली का यांची. मग मुलाला झापलं. मग भांडं आपटलं.

आली बया —

किती छान बोलतात सूनबाई. नाही, मी हे — टॉवेल मी मुद्दाम —

त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व.

आपण वाचायला आलात, फार बरं वाटलं. आपली परवानगी अस