पुरा कोयता

१४ नोव्हेंबर २०१८, बीड

आले एकदाची! वसतिगृहात लोखंडी पलंग, वर पंखा. बाकी सगळ्या बायका शिलाईच्या वर्गाला. मोटर भरायच्या, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार बसवायच्या वर्गात बाई मी एकटी, उरलेली सगळी पोरं. ऑफिसातले साहेब म्हणाले, "शिलाई घ्या की, बाई." म्हणलं, "न्हाई. मोटरच." गावच्या दूध सोसायटीची मोटर जळली की आष्टीला भरायला जाते आणि आठवडा-आठवडा येत नाही. गावात हे काम कुणालाच येत नाही. मला येईल!

शिकवणं, राहणं, जेवण — सगळं सरकारचं. ऊसतोडीच्या घरातल्या विधवांना जागा राखलेली. ह्या शब्दानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही दिलं. नाहीतर नुसतं घेतच आलाय.

१९ नोव्हेंबर

मन लागत नाही. निघताना सासूबाई पाठ करून बसल्या होत्या. "तोडीला कोन जाईल मंग?" एवढंच बोलल्या.

त्यांचंही खोटं नाही. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. मालक गेल्यापासून मी अर्धीच. यंदा जाऊबाई, गीताबाई, दिवस भरत आलेली. म्हणजे बंकटभाऊजीही अर्धे. दोघं मिळून पुरा कोयता होईल असं घरानं धरलं होतं. मुकादमाला पुराच लागतो. आणि मी इकडं निघून आले.

शिवकन्या तेवढी माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आली. बारावीला आहे पोरगी. म्हणाली, "आई, मागं बघू नको." मी बघितलंच.

३ डिसेंबर

तांब्याची तार! केसासारखी. खाचेत वेढे बसवायचे, एकावर एक चढता कामा नये. माझ्या हाताला फक्त घाव घालायचं माहीत. तार तुटते. शेजारचं पोरगं हसतं. सर म्हणाले, "ओढू नका, बसवा." अख्खा दिवस तेच म्हणत होते — बसवा, बसवा!

११ डिसेंबर

शिवकन्याचा फोन नाही.

१६ डिसेंबर

घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "टँकरवर गेलती." परवा म्हणाल्या, "क्लासला गेली." गावात पाणी नाही, टँकर कधी येईल ते कुणाला ठाऊक नाही, हे खरं. पण पोरगी एकदाही घरात सापडत नाही? भाऊजींचं विचारलं. "गेला की कवाच तोडीला." कुणासंगं? फोन कटला.

८ जानेवारी २०१९

माझी मोटर फिरली! पहिल्यांदा! सरांनी बटण दाबायला लावलं, मी डोळे मिटून दाबलं. गुंईऽ करून फिरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पळत बाहेर येऊन शिवकन्याला फोन लावला. लागला!

"कुठं हायेस, शिवे?"

"कॉलेजात, आई."

तेवढ्यात मागं भोंगा वाजला. लांबलचक, मध्येच घोगरा होणारा. साखर कारखान्याचा भोंगा मी ओळखणार नाही? माझं अर्धं आयुष्य त्या भोंग्यावर उठण्यात गेलं. आमच्या गावात कुठला आलाय भोंगा!

"कोनत्या कारखान्यावर हायेस?"

"नगरच्या. आई, काकाला जोडी नव्हती. तू जीव जाळू नको."

मोटरचं सांगायचं राहूनच गेलं.

१३ जानेवारी, रविवार

आज सुट्टी. पहाटेच नगरची एस.टी. धरली. सहकारी कारखान्यामागं तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या. पोरगी फडात होती. डोक्यावर मोळी, फळीवरून ट्रॅक्टरवर चढत होती. ओळखू आली नाही आधी. गालावर पाल्याचे चरे, हाताला चिंध्या बांधलेल्या.

"चल."

"न्हाई. तू पास हो, मंग येते."

"बारावी हाय तुझी!"

"पुस्तकं आनलीत की कोपीत."

"मी ऱ्हाते. तू जा."

"तुझं नाव कटंल, आई. मंग आपन दोघीबी हितंच."

खाडे झाले की नाव कटतं, हे मीच तिला सांगितलेलं.

भाऊजी मान वर करेनात. "वैनी, ती सवताहून म्हनली. मी व्हय म्हनलो. चुकलंच माझं." मुकादमाला हात जोडले. तो म्हणाला, "जोडी मोडली तर बंकटला टोळीत ठेवायचा न्हाई."

परतताना गावी उतरले. जाऊ बाळंतीण, आत झोपलेली. सासूबाई पिंपातून तांब्या-तांब्यानं पाणी घेत होत्या. मी तोंड सोडलं. "तुमी पाठवली! नातीला फडात घातली! तुमचं पोटचं असतं तर?" काय काय बोलले. म्हातारीनं एक शब्द काढला नाही. वर बघितलंही नाही. दगड आहे नुसता!

२१ जानेवारी

तीन वेळा तार तुटली. सर म्हणाले, "बाई, लक्ष कुठंय तुमचं?"

२ फेब्रुवारी

तिचे पेपर एकवीस तारखेपासून. माझी परीक्षा पंचवीसला. चार दिवस! चार दिवस मागंपुढं झालं असतं तर सरकारचं काय बिघडलं असतं?

जेवण जात नाही. वर्गातून उठते, गेटपर्यंत जाते, परत येते. वॉचमन विचारतो, "कोनी येनार हाय का, ताई?"

१५ फेब्रुवारी

ठरलं. परीक्षा देत नाही. उद्या सकाळी जाते, कोयता मी घेते, पोरीला पेपरला धाडते. सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "बाई, दहा दिवस राहिलेत!" मी हो म्हणलं. वर्गात जाऊन माझ्या मोटरवर फडकं झाकलं. हात उगाच त्यावर राहिला.

पिशवी भरली.

१६ फेब्रुवारी

गेटवर शिवकन्या उभी! पाठीला दप्तर. मला वाटलं, पळून आली.

"आजी आली तिथं," म्हणाली. "काल. एकटीच, दोन गाड्या बदलून. मुकादम हसला, म्हनला, म्हातारे, तुला मोळी उचलंल का? आजीनं माझ्या हातातला कोयता घेतला, पदर खोचला अन् काकाच्या बाजूला सरीत उभी ऱ्हायली."

"काय म्हनल्या तुला?"

"मला काय न्हाई. तुझ्यासाठीच निरोप हाय — आईला म्हनावं, पेपर नीट लिही."