गोणपाटाएवढी जागा

मोठीआई,

काल दवाखान्यातून फोन आला. पेशंटला पुढच्या आठवड्यात घेऊन या, किमोच्या डोसची तारीख आहे म्हणे. तू जाऊन सव्वा महिना झाला, हे त्या पोरीले सांगितलंच नाही. हो म्हटलं अन् फोन ठेवला. मग राग कोणावर काढू? म्हणून तुले लिहून राह्यलो.

तारीख पुन्हा बाजाराच्याच दिवशी!

किती समजावलं तुले, फुप्फुसाच्या कॅन्सरचा इलाज सरकारी योजनेत बसते, भाजीचा बाजार सोड. तू म्हणायची, "इलाज फुकट. अन् खोलीचं भाडं, बाहेरचा स्कॅन, दोघांचं खाणं? ते काय तुहे मोठेबाबा वरून धाडते?"

लोकंही एकेक. भेटायले आले की पहिले विचारत, बिडी ओढत होती का? तू म्हणायची, "हाव, जेवणानंतर दोन." जन्मात बिडीले हात न लावलेली बाई!

अन् मी? मोताळ्याच्या बाजारात आपल्या जागेचा कागद नाही, पावती नाही. बसेल त्याची जागा. एक बाजार तुह्या तपासणीत गेला होता, दुसराही बुडाला तं जागा जाईन, म्हणून डोसच्या दिवशी तू मले गोणपाटावर बसवून गेली. दहा वाजता दोस्ताची पिकअप सुलतानपूरले निघाली अन् मी बी तिच्यात चढलो. म्हटलं, दुपारपर्यंत येतो. मागं बकऱ्या होत्या, एक तं माह्या खांद्यावर मान टाकून झोपली... जाऊ दे ते. संध्याकाळी आलो तं आपल्या जागेवर लसूणवाला.

तू भांडून जागा परत घेतली. मले एक शिवी दिली नाही. काऊन? दिली असती तं पुढच्या बाजारी हाललो नसतो. पण तू मले बसवलंच नाही. "डोस नंतर बी भेटते. जागा नाही भेटत," म्हणाली अन् दोन तारखा बुडवून स्वतःच बसली. ते डोस घेतले असते तं वाचली असती का, डॉक्टरले विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. आता हे घेऊन मी कुठं जाऊ?

आता तुह्या जागेवर मी बसतो. बाजूची मिरच्यावाली सुशीलामावशी तीन महिन्यांपासून खोकलून राह्यली. मिरचीचा ठसका आहे म्हणते. पुढच्या बाजारी मी तिले छातीचा फोटो काढायले नेतो. ती जागेचं रडगाणं लावीनच. तिची अन् आपली, दोन्ही जागा त्या दिवशी रिकाम्या राहतीन. बसू दे ज्याले बसायचं त्याले.

तुहा नातू,
गण्या