नवसाचा घेवडा

उरण, ता. ८ नोव्हेंबर १९३१

चि. गुणाजीस चंद्राअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सारी खुशाल, तुमची खुशाली कळवणे.

सोबतची पुरचुंडी जपून सोड. आपल्या आईचा बुटका घेवडा हाय, आणि एवढाच उरलाय. बाकीचं बियाणं सासूबाईंनी वाल समजून भिजत घातलं नि त्याचं बिरडं केलं. (पत्र लिहिणारे त्यांचेच चिरंजीव. हात अडखळत होता, पण लिहाच म्हटलं.) त्या दिवशी मी जेवले न्हाय.

इथल्या खाऱ्या जमिनीत तो धरत न्हाय, तेव्हा तू परसात लाव. चांगली झाडं बियाला राखायची, त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, आई करायची तसं. उरलेल्या खा. तुझी जीभ मला ठाऊक हाय म्हणून बजावते. हे बी गेलं तर आईच्या हातचं काही राहणार न्हाय रे. चि. सौ. केसरला आशीर्वाद. लोभ हायच, तो शेंगांपायी आटू देऊ नकोस.

तुझी अक्का

माणगाव, ता. २ जानेवारी १९३२

ती. अक्काच्या पायी गुणाजीचा दंडवत. वि. वि. तुझा घेवडा झकास आला. मी आधी त्याला मांडव घातला, हा माझा गाढवपणा. झाडं गुडघ्याच्या वर जाईनात. आता मांडवावर केसर लुगडी वाळत घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसते.

बियाची झाडं ओळखू यावीत म्हणून पुरचुंडीचं फडकं फाडून त्यांना चिंध्या बांधल्या. इथंच घोटाळा झाला. शेजारची सोनाबाई, तीच, आईशी जन्मभर बांधावरून भांडलेली, तिनं चिंध्या पाहिल्या आणि कुंपणाशी हात जोडले. म्हणाली, देवीचं ठाणं दिसतंय, माझी म्हैस आटलीय, नवस बोलते. आणि एका मोकळ्या झाडाला आपली चिंधी बांधून गेलीसुद्धा! चार दिवसांत म्हैस दूध देऊ लागली म्हणे. मग काय विचारतेस? सारा गाव लोटला. वाफ्यात एक झाड बिनचिंधीचं उरलं नाही.

काल शेंग खुडायला वाकलो तर केसरनंच मनगट धरलं. नवसाच्या झाडाला हात लावाल तर याद राखा, म्हणाली. अगं, माझ्या परसात घेवडा लगडलाय आणि मी नुसता आमटीभात ओरपतोय! काहीतरी तोड सुचव. मेहुण्यांस नमस्कार. कृपा असावी, भुकेल्यावर जरा जास्त.

तुझा गुणाजी

उरण, ता. १० जानेवारी १९३२

चि. गुणाजीस आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं, तर सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तोड कसली मागतोस? तुझ्या तोंडातून बी वाचलं, मला देवी पावली! गप राहा नि शेंगा वाळू दे.

पण मेल्या, ते फडकं आईच्या जांभळ्या लुगड्याचं होतं. पिवळा काठ दिसला न्हाय तुला? ऐकून रडूच आलं. मग वाटलं, असू दे, तिच्या घेवड्यालाच बांधलंस ना. त्या सोनाबाईच्या मात्र नादी लागू नकोस. आईला तिनं घातलेल्या शिव्या मी अजून विसरले न्हाय. माया हाय ती तश्शीच ठेव.

तुझी अक्का

माणगाव, ता. २१ फेब्रुवारी १९३२

ती. अक्काच्या पायी दंडवत. वि. वि. सूपभर बी निघालं! तुझा वाटा वेगळा काढून राखेत घालून ठेवलाय. सासूबाईंच्या नजरेस पडू देऊ नकोस.

सोनाबाई प्रसादाचं बी मागायला आली. माझ्यानं राहवेना. सांगून टाकलं, इथं देवीबिवी काही नाही, हा आमच्या आईचा घेवडा आणि चिंध्या तिच्या लुगड्याच्या. वाटलं, आता म्हातारी गाव डोक्यावर घेईल. पण ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. जन्मभर बांधापलीकडून तोच पिवळा काठ बघत भांडले, तो ओळखणार न्हाय? तुझी आई गेली तेव्हा यायला पाय उचलला न्हाय, म्हणून इथं हात जोडले.

मी विचारलं, मग म्हशीचं काय? तर म्हणाली, म्हैस माझी आटलीच नव्हती.

मूठभर बी नेलंय. त्याच बांधावर लावणार आहे, दोन्ही अंगांनी. तुला नमस्कार सांगितलाय. तो घे, अक्का. माहेरी लवकर ये आणि लोभ असू दे. शेंग मी अजून चाखलेली नाही.

तुझा गुणाजी