अकरा अंशांची भानगड

२ फेब्रुवारी, सोमवार

सॉफ्टवेअरनं आज परत दगा दिला! समीकरण तेच, आकडे तेच. सकाळी म्हणालं, ‘उत्तर नाही’. जेवून आले, x खोडून तिथे p लिहिला, आणि लगेच उत्तर हजर! म्हणजे आता यालाही अक्षर आवडलं तरच काम करायचं.

वैजयंती मॅडम आमच्यातल्या सगळ्यात सीनियर. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, “नुसता एक लिहू नकोस गं. एक पूर्णांक शून्य शून्य एक लिही. एक लिहिला की ते गोठतं.” महापेच्या या ऑफिसात नव्या माणसाला आधी चहाचं मशीन दाखवतात आणि मग हे सगळं शिकवतात. एक तृतीयांश लिहायचं नाही, ०.३३३ लिहायचं. आलेलं उत्तर समीकरणात परत घालून बघायचं, कारण कधीकधी ते स्वतःच्याच समीकरणात बसत नाही! इतके पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि आम्ही त्याची सासूसारखी मर्जी सांभाळतोय.

५ फेब्रुवारी

मला काम मिळालं! माझं स्वतःचं! मोरा जेट्टीला तरंगती तिकीट-खोली करायची आहे. खाली पोकळ लोखंडी पेटी, त्यावर केबिन, केबिनवर पाण्याची टाकी. धक्क्याच्या दोन खांबांमध्ये बसवायची म्हणून अरुंद आणि उंच. आजवर आमच्या कंपनीनं केबिन्स केल्या त्या सगळ्या जमिनीवरच्या. पाण्यातली ही पहिलीच.

दिलीप सर म्हणाले (कंपनी त्यांची), “संघमित्रा, ही सरळ उभी राहिली की तू पर्मनंट. फुल अँड फायनल.” घरी सांगितलं तर आई म्हणते, “म्हंजी ती खोली कलली की तूबी कलली म्हन की!” हिला कुठे काय बोलावं कळत नाही.

९ फेब्रुवारी

खोली पाण्यात किती कलून राहील, याचं समीकरण मांडलं. दोन्ही बाजू सारख्या, वजन मधोमध. उत्तर शून्य यायला हवं, लहान पोरही सांगेल.

सॉफ्टवेअर म्हणतं, अकरा अंश.

परत चालवलं. उणे अकरा! म्हणजे डावीकडे की उजवीकडे, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. आणि हे घेऊन मी पर्मनंट होणार.

१० फेब्रुवारी

x चा p केला. अकरा. एकचा एक पूर्णांक शून्य शून्य एक केला. उणे अकरा. ०.३३३ केलं. अकरा. ऑफिसातले सगळे उतारे संपले.

मग अकरा समीकरणात परत घालून बघितलं, आणि बसलं! शून्य घातलं, तेही बसलं. म्हणजे आता याला चुकीची उत्तरंही बसवून दाखवता येतात. प्रगती आहे!

रागारागात सॉफ्टवेअर कंपनीला तक्रार पाठवली.

१२ फेब्रुवारी

त्यांचं उत्तर आलं: कृपया कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. केला. उणे अकरा.

१३ फेब्रुवारी

सुटलं!!! वैजयंती मॅडमनी सोडवलं. या सॉफ्टवेअरला सुरुवातीला आपला एक अंदाज द्यावा लागतो, तिथून ते उत्तर शोधत निघतं. मी कधी दोन द्यायचे, कधी पाच. मॅडम म्हणाल्या, “शून्य दे ना सरळ!” शून्य दिलं. उत्तर आलं शून्य.

आपणच उत्तर सांगायचं आणि त्यानं मान डोलवायची. मॅडम म्हणाल्या, “आमच्या ह्यांना भाजी आणायला पाठवताना मी हेच करते. काय आणू असं विचारायचा चान्सच नाही द्यायचा.”

अकरा वगळून रिपोर्ट केला. सरांनी सही केली. पहिल्या ड्रॉइंगवर माझं नाव! आईनं फोटो काढून गावाकडच्या सगळ्यांना पाठवला, उलटा.

१८ फेब्रुवारी

दोन पाळ्या लावून खोली पाच दिवसांत बांधून तयार. चोवीसला दुपारी बारा वाजता पाण्यात सोडायची. क्लायंटच्या मोठ्या साहेबांच्या कॅलेंडरमध्ये तेवढीच जागा मोकळी होती. साइटवरचा केतन म्हणाला, “क्रेन बारालाच लावू ना? फिक्स?” सर म्हणाले, “साहेब फिक्स म्हणजे सगळं फिक्स.”

 

२४ फेब्रुवारी, दुपारी, परतताना गाडीत

सरळ! सरळ! सरळ!!!

साहेबांनी नारळ फोडला. क्रेननं खोली त्या गढूळ पाण्यात हळूच उतरवली, दोर सैल सोडले. मी डोळेच मिटले होते. उघडले तर खोली काटकोनात उभी! केतननं आत स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. सर आत जाऊन चक्क उड्या मारायला लागले. “हलत पण नाही यार! काय डिझाइन आहे! एकदम खडक!” मोठ्या साहेबांनीही एक उडी मारून बघितली.

तिथे तिकिटं फाडणाऱ्या प्रेमलाताई आतून हात फिरवून आल्या. इतकी वर्षं उन्हात स्टुलावर बसल्यात. मला म्हणाल्या, “माजे डोक्यावं पंखा हाय ना गो? मंग झाला.” उद्यापासून त्या आत बसणार. मला रडूच फुटलं. असं काही आपल्या हातून होईल असं खरंच वाटलं नव्हतं.

सर म्हणाले, “उद्यापासून पर्मनंट. जा, पेढे वाट.” गाडीत बसल्या बसल्या सॉफ्टवेअर कंपनीला खोलीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं: कुठे दिसतात का अकरा अंश? लाज वाटू द्या.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी

आई सोसायटीत पेढे वाटतेय. आत्ता केतनचा फोटो आला.

दुपारी ओहोटी होती. खोली चिखलात बसली होती, म्हणून हलत नव्हती. आता भरतीनं उचलली. आत्ता कुठे ती तरंगतेय, आणि डावीकडे कललीय. अरुंद, उंच, वर टाकीचं ओझं: अशी खोली शून्यावर टिकतच नाही, डावीकडे नाहीतर उजवीकडे कलूनच थांबते. केतननं मोबाइलनं कोन मोजून लिहिलाय. खाली विचारलंय, “मॅडम, प्रेमलाताई विचारतायत, खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची?”

त्याला कळवलं, आत कुणालाही पाऊल ठेवू देऊ नकोस.  सरांना फोन लावतेय.