बावन्न मिलिमीटर

बोडो, ९ मार्च

प्रिय तोरलाइफमामा,

मामीने पाठवलेला सुका कॉड पोचला. आईचा गुडघा बरा आहे. तिने स्वतःची काठी टाकून दिली, आणि मला मात्र बर्फात जपून चाल म्हणते. यंदा मासा चांगला लागलाय असं ऐकते. तुमच्याकडे कसं?

मामी फोनवर म्हणाली, तू आता धक्क्यावरही जात नाहीस. मासेमारीची होडीही विकायला काढलीस.

नाताळात तू म्हणालास, "एकतीस वर्षं बेटावरची पोरं शाळेला नेली-आणली, आणि माझी ती तेर्ना बोट खालून इतकी कच्ची. एखाद्या दिवशी काय झालं असतं गं?" मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

मामा, मला तेव्हा ठाऊक होतं.

बोटीची मजबुती तपासून मी दिलेल्या अहवालावरून तेर्ना मोडीत गेली. नोव्हेंबरात दुसऱ्या कामासाठी मी त्याच मोडीच्या आवारात गेले होते. प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टला धरून ठेवणारे तिचे दोन लोखंडी पाय कापून चिखलात टाकले होते. सहज जाडी मोजली. बावन्न मिलिमीटर. माझ्या हिशेबात अडतीस होती. पुन्हा मोजली. तिथला कामगार म्हणाला, "बाई, लोखंड आहे ते, मोजून वाढत नाही."

अडतीस मी जुन्या नकाशावरून घेतली होती. अहवाल देण्याआधी बेटावर झालेल्या सभेत तू सांगितलंस, "इंगुन, ते पाय एक्क्याण्णव साली बदललेत. मी समोर उभा होतो." आणि सगळ्या बेटादेखत मी म्हणाले, "मामा, जहाजाची ताकद आठवणीवर मोजत नाहीत." लोक हसले. तू टोपी हातात घेऊन खाली बसलास.

गोदीत जाऊन मोजायला अर्धा दिवस लागला असता. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता, आणि नकाशा चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही. प्रॉपेलरचं एक पातं तुटून शाफ्ट हिसके देऊ लागला तर हे पाय तग धरणार नाहीत, असं मी लिहिलं. अडतीसला ते खरंच आहे. बावन्नला ते आरामात टिकतात. तीनदा हिशेब करून पाहिला.

नात्यातली बोट असूनही कच खाल्ली नाही, म्हणून पेपरात माझं कौतुक आलं. ते कात्रण आईने स्वयंपाकघरात लावलंय. मी गप्प बसले ती त्यासाठी. दुसरं काही कारण सांगायला नाही.

आज सकाळी साहेबांना आणि तपासणी कार्यालयाला सगळं लिहून दिलं. आईला संध्याकाळी सांगेन. त्याने बोट परत येणार नाही, आणि शाळेची बोट बंद झाली म्हणून बेट सोडून गेलेली तीन घरंही येणार नाहीत.

माफ कर म्हणायचं धाडस होत नाही. पण तू पोरांचा जीव कधी धोक्यात घातला नव्हतास. एक दिवससुद्धा नाही. हे पत्र मामीला वाचून दाखव. मग दुकानात जा आणि तिथे सगळ्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग.

तुझी भाची,
इंगुन