गिऱ्हाइकं कोण पाठवतंय?

इंग्रिड,

दुलुथमध्ये डिझाइनचं दुकान थाटलं, पण जाहिरातीला पैसे नव्हते. तरीही गिऱ्हाइकं येऊ लागली. कुणी पाठवलं विचारलं, की म्हणायची, "ऐकलं कुणाकडून तरी." मला तुझाच संशय आला. आईच्या अंत्यविधीपासून आपलं बोलणं बंद. आता लपूनछपून दया दाखवतेस! शेवटी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या, बोटी दुरुस्त करणाऱ्या आर्वोला मी अडवलंच.

"माझ्या बहिणीने पाठवलं ना?"

"कुठली बहीण? आमच्या न्हाव्याची पाटी केलीस ना तू? केस कापता कापता तो सगळ्यांना तुझंच कौतुक ऐकवतो. खुर्चीतून पळणार कुठे माणूस?"

मी हसले. तो गेल्यावर मात्र रडू आवरेना. तूच पाठवत असतीस, तर किती बरं झालं असतं गं.

तुझी धाकटी,
सोल्वेग